रुग्णशय्येपाशीं बसणारीं माणसें



कर्करोगाचा इतिहास म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें शस्त्रवैद्य येतात, रेडियमच्या नळ्या येतात, सूक्ष्मदर्शक यंत्रावर वांकलेले संशोधक येतात. तो इतिहास मोठा आहे, आणि तो सांगणारे अधिकारी पुरुषही पुष्कळ आहेत. मी वैद्य नव्हे. शाळेंत इतिहास शिकविण्यांत माझें आयुष्य गेलें. म्हणून आज मी आपणांस याच रोगाचा एक दुसरा इतिहास सांगणार आहें. तो रुग्णाच्या उशापायथ्याशीं बसणाऱ्या माणसांचा आहे. नवरा, बायको, बहीण, शिष्य, शेजारी यांनीं या दुखण्यांत काय केलें, काय बोलून दाखविलें आणि काय दडविलें, हा तो इतिहास होय. त्यांतील एक प्रश्न आजही आपल्यापैकीं अनेकांच्या घरांत अनुत्तरित पडून आहे. दुखणाइताला खरें सांगावें कीं न सांगावें?

प्रथम आपण पॅरिस शहरीं जाऊं. फॅनी बर्नी ही इंग्लंडमधील नामांकित कादंबरीलेखिका. तिनें दार्ब्ले नांवाच्या फ्रेंच सेनापतीशीं विवाह केला होता, आणि नेपोलियनच्या युद्धांमुळें ती माहेरापासून दूर फ्रान्समध्यें अडकून पडली होती. १८१० सालीं तिच्या छातींत वेदना सुरू झाल्या. रोग वाढत गेला, तेव्हां नेपोलियनच्या सैन्यांतील विख्यात शस्त्रवैद्य लारे यांनीं शस्त्रक्रियेवांचून उपाय नाहीं असें ठरविलें. भूल देऊन शस्त्रक्रिया करण्याची विद्या तेव्हां अवगत नव्हती. ती १८४६ सालीं आली. पतीला हें पाहवणार नाहीं म्हणून बाईनें अशी व्यवस्था केली कीं, सर्व आटोपेपर्यंत त्याला कचेरींतच गुंतवून ठेवावें. ३० सप्टेंबर १८११ रोजीं काळे कपडे घातलेले सात पुरुष तिच्या खोलींत शिरले. मोलकरीण आणि एक परिचारिका घाबरून पळून गेल्या. उरलेल्या एकीला तिनें जवळ बोलाविलें. तिच्या तोंडावर एक तलम रुमाल टाकण्यांत आला, आणि भुलेवांचून तिचा स्तन कापून काढण्यांत आला.

पुढें सुमारें सहा महिन्यांनीं, १८१२ च्या मार्चांत, तिनें आपली थोरली बहीण एस्थर हिला हा वृत्तांत लिहावयास घेतला. तो पुरा होण्यास जून उजाडला, कारण त्या आठवणीच तिला सोसवत नव्हत्या. लिहिलेलें पुन्हां वाचून पाहण्याचें धैर्यही तिला झालें नाहीं. पत्रांतील सुरीचें वर्णन अंगावर कांटा आणणारें आहे. परंतु मला त्याहून हृदयद्रावक वाटतो तो एक लहानसा उल्लेख. त्या परक्या पुरुषांपुढें उभी असतां तिला आपल्या बहिणी आठवल्या. त्यांतील एकही या घटकेला आपल्याजवळ नाहीं, ही जाणीव तिच्या जिव्हारीं लागली. बाई त्यानंतर २८ वर्षें जगली; पण ती घटका तिनें एकटीनें काढली.

पतीचें दुःख वांचवावें ही तिची बुद्धि थोरच होती. परिणाम मात्र पाहा. ज्याचा हात धरावयाचा तो माणूस कचेरींत बसला होता, आणि तिच्या वांट्यास एक पगारी परिचारिका आली. पतीला मागाहून सर्व कळलेंच. त्याचें दुःख कांहीं टळलें नाहीं. तें थोडें उशिरां आलें, इतकेंच.

पुढल्या काळांत या लपवालपवीची दिशा फिरली. बर्नीबाईंनीं स्वतः रुग्ण असून घरच्यांपासून दडविलें. आतां घरचीं माणसें व डॉक्टर मिळून रुग्णापासून दडवूं लागलीं. ही रीत केवळ आपल्याच देशांतील आहे असा अनेकांचा समज असतो, तो खरा नाहीं. १९६१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत शिकागो येथील एका रुग्णालयांतील २१९ डॉक्टरांस या बाबतींतील त्यांचा प्रघात विचारण्यांत आला होता. शेंकडा ९० डॉक्टरांचा कल रोग्याला न सांगण्याकडे होता. ‘गांठ आहे’, ‘वाढ आहे’ अशा शब्दांवर वेळ निभावून नेली जाई. अठरा वर्षांनीं, १९७९ सालीं, अमेरिकेंतच दुसऱ्या एका रुग्णालयांत तोच प्रश्न पुन्हां विचारला गेला, तेव्हां शेंकडा ९७ डॉक्टरांनीं सांगण्याच्या बाजूनें मत दिलें. अवघ्या एका पिढीच्या आंत डॉक्टरांचा प्रघात असा उलटा झाला. दरम्यान उपचार सुधारले होते, अधिक रोगी बरे होऊं लागले होते, आणि उपचारांस रोग्याची संमति हवी हें तत्त्व रूढ होत चाललें होतें.

शिवाय न सांगितलें तरी रोगी बहुधा ओळखतो. स्वयंपाकघरांतील कुजबूज, दारापाशीं थबकणारीं पावलें, एरवीं खेंकसणाऱ्या घरधन्याचा एकाएकीं गोड झालेला स्वर, एवढ्यावरून त्याला उमजतें. मग तोही आपल्याला कांहीं ठाऊक नाहीं असें दाखवितो. एका छपराखालीं दोन माणसें एकमेकांना जपण्यासाठीं गप्प बसतात, आणि दोघेंही एकटीं पडतात.

आतां याच्या उलट एक चित्र पाहूं; तें आपल्या देशांतील आहे. १८८५ सालीं श्रीरामकृष्ण परमहंसांस घशाचा विकार जडला, आणि तो कर्करोग असल्याचें निदान झालें. उपचारांच्या सोयीसाठीं त्यांस दक्षिणेश्वराहून कलकत्त्यांत श्यामपुकुर येथें, व त्याच वर्षींच्या डिसेंबरांत काशीपूरच्या बागेंतील घरीं नेण्यांत आलें. तेथेंच १६ ऑगस्ट १८८६ रोजीं त्यांनीं देह ठेवला. या अवधींत त्यांच्याभोंवतीं एक घरच उभें राहिलें. गृहस्थ शिष्यांनीं भाड्याचा व औषधपाण्याचा भार उचलला. तरुण शिष्यांनीं रात्रंदिवस पाळीपाळीनें शुश्रूषा केली. शारदादेवी पथ्याचें अन्न रांधीत. श्यामपुकुरच्या घरांत त्यांना स्वतंत्र खोली नव्हती, म्हणून गच्चीच्या जिन्यालगतच्या चिंचोळ्या जागेंत त्या दिवस काढीत. डॉ. महेंद्रलाल सरकार तपासावयास येत आणि तासन् तास बोलत बसत. दुखण्याचा उल्लेख तेथें चोरून होत नसे. रोगी स्वतःच त्याविषयीं मोकळेपणानें बोलत.

कांहीं शिष्यांच्या मनांत मात्र हा रोग सांसर्गिक तर नसेल, अशी भीति शिरली होती. तेव्हां नरेंद्रानें, म्हणजे पुढें स्वामी विवेकानंद म्हणून जगास ठाऊक झालेल्या तरुणानें, गुरूंच्या उष्ट्या पेजेचा प्याला उचलून सर्वांसमक्ष पिऊन टाकला, असें चरित्रकार सांगतात. कर्करोग सहवासानें किंवा एका ताटांत जेवल्यानें लागत नाहीं, हें आज शास्त्रानें निश्चित झालें आहे. तरीही रोग्याचें ताट वेगळें ठेवणारीं सुशिक्षित घरें अजून आढळतात. त्या वेगळ्या ताटानें रोग्याला आपण काय सांगत आहों, याचा त्यांनीं क्षणभर विचार करावा.

आतां आपल्या मुंबईकडे येऊं. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें विलायतेंत वारल्या. त्यांचे पति सर दोराबजी यांनीं त्यांच्या स्मरणार्थ या रोगाच्या संशोधनासाठीं निधि ठेवला, आणि १९३२ सालीं पत्नीच्या समाधीच्या दर्शनास निघाले असतां वाटेंत जर्मनींत त्यांचेंही देहावसान झालें. पुढें त्यांच्या विश्वस्तांनीं परळ येथें टाटा मेमोरियल हॉस्पिटल बांधलें. तें २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें. तेथें देशाच्या कानाकोंपऱ्यांतून रोगी येऊं लागले. पण रोगी एकटा येत नाहीं. त्याच्याबरोबर म्हातारी आई येते, शेत टाकून भाऊ येतो, शाळा सोडून मुलगी येते. उपचार महिनोन् महिने चालतात. हॉस्पिटलाजवळच्या पदपथावर पथारी पसरून राहणारीं कुटुंबें मुंबईकरांनीं पाहिलीं आहेत. दादर येथील संत गाडगे महाराजांच्या नांवाची धर्मशाळा अशा रोग्यांना व त्यांच्या सोबत्यांना आसरा देते. टाटा हॉस्पिटलचे थोर शस्त्रवैद्य डॉ. अर्नेस्ट बोर्जिस यांचा १९६९ सालीं कर्करोगानेंच अंत झाला. वांद्रे येथें त्यांच्या स्मरणार्थ परगांवच्या रोग्यांसाठीं निवासगृह चालतें. औषधाइतकीच निवाऱ्याची व सोबतीची गरज आहे, हें या संस्थांनीं ओळखलें.

हाच विचार वैद्यकशास्त्रांत रुजविण्याचें श्रेय सिसिली सॉन्डर्स या इंग्रज बाईकडे जातें. १९४८ सालीं लंडनच्या एका रुग्णालयांत डेव्हिड टास्मा नांवाचा पोलंडचा एक निर्वासित ज्यू कर्करोगानें मरणासन्न पडला होता. त्याला जवळचें असें कोणी नव्हतें. सिसिलीबाई त्याच्याशीं बोलत बसत. मरतांना त्यानें त्यांना ५०० पौंड ठेवले, आणि तुमच्या नियोजित घराची एक खिडकी मी होईन, अशा आशयाचे शब्द सांगितले. बाई त्यापुढें वैद्यक शिकून डॉक्टर झाल्या, आणि १९६७ सालीं त्यांनीं लंडनमध्यें सेंट ख्रिस्तोफर नांवाचें शुश्रूषागृह उघडलें. शरीराची, मनाची, संसाराची आणि श्रद्धेची अशा चारही वेदना मिळून रोग्याची एकच वेदना होते, ही त्यांची शिकवण. तेथें रोगी व त्याचें कुटुंब या दोहोंची मिळून काळजी घेतली जाते. मुंबईंत याच धर्तीवर १९८६ सालीं वांद्रे येथें शांति आवेदना आश्रम निघाला.

येथें एक शंका निघण्याजोगी आहे. प्रेमळ सोबतीनें रोग बरा होतो काय? १९८९ सालीं अमेरिकेंतील ८६ स्त्रियांवरील एका अभ्यासावरून असें वाटलें होतें कीं, समदुःखी स्त्रियांच्या बैठकींत मन मोकळें करणाऱ्या रोगी अधिक काळ जगतात. परंतु २००१ सालीं कानडांत २३५ स्त्रियांवर झालेल्या मोठ्या अभ्यासांत आयुष्य वाढल्याचें आढळलें नाहीं. मनाची खिन्नता आणि वेदनेची जाणीव मात्र कमी झाली, विशेषतः ज्या आधीं फार खचल्या होत्या त्यांची. हा निष्कर्ष मला मोलाचा वाटतो. कारण ‘धीर धर म्हणजे बरा होशील’ असें आपण रोग्याला उठतां बसतां सांगतों. रोग बळावला कीं, आपणच धीर धरला नाहीं असा दोष तो स्वतःला देऊं लागतो. सोबत उपचाराची जागा घेऊं शकत नाहीं. पण जे दिवस आहेत ते सुसह्य करणें तिच्या हातीं आहे, आणि हें काम लहान नव्हे.

मग आपल्या घरांत काय करावें? सर्व कांहीं एकदम रोग्याच्या कानांवर आदळावें, असें मी म्हणत नाहीं. किती ऐकावयाचें तें त्याच्यावरच सोंपवावें. ‘तुला काय विचारावयाचें आहे?’ एवढें विचारून थांबावें, आणि तो विचारील त्याला खरें उत्तर द्यावें. तो न विचारील तर त्याचाही मान राखावा. मात्र खोटें सांगूं नये. एक खोटें उघडकीस आलें कीं, त्यानंतरच्या खऱ्या दिलाशावरही त्याचा विश्वास बसत नाहीं. त्याला घरच्या कामांतून अजीबात वगळूं नये. हिशेब त्याला दाखवावा, मुलांचा अभ्यास त्याला घेऊं द्यावा, लग्नकार्याचा सल्ला त्याला विचारावा. जिवंतपणींच पाहुणा झाल्यासारखें वाटणें, हें या दुखण्यांतील एक मोठें दुःख आहे.

आणि शेवटीं त्या शुश्रूषा करणारीकडे पाहावें. आपल्या घरांत ती बहुधा पत्नी, सून किंवा मुलगी असते. जिन्यालगतच्या चिंचोळ्या जागेंत दिवस काढणाऱ्या शारदादेवींसारखी ती सर्वांच्या नजरेआड राबत असते. रोग्याची विचारपूस करावयास सगळे येतात; तिला झोंप लागली का, हें कोणी विचारीत नाहीं. आपल्या आळींत असें एखादें घर असेल, तर फळांची पिशवी घेऊन दहा मिनिटें बसून येण्यापेक्षां एक रात्र रोग्यापाशीं जागून तिला निजूं द्यावें. इतकें आपणांपैकीं कोणालाही करतां येण्याजोगें आहे.