आकाश निरभ्र असलं की थंडी का वाढते? निफाडच्या द्राक्षबागांमागचं विज्ञान

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा घसरला की कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा व्हायरल होतो. बातमीत एक वाक्य हमखास असतं: आकाश निरभ्र असल्याने थंडी वाढली. तिकडे द्राक्ष बागायतदार पहाटे उठून बागेत शेकोट्या पेटवत असतात, कारण कडाक्याच्या थंडीने तयार होत आलेले मणी तडकतात. पण ढग नसण्याचा आणि थंडीचा संबंध काय?

हा सगळा जमिनीच्या जमाखर्चाचा खेळ आहे. सूर्याकडून होणारी जमा फक्त दिवसा असते, खर्च मात्र चोवीस तास चालू राहतो. जमीन, पानं, दगड, सगळेच डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण सतत बाहेर सोडतात. 10 अंश सेल्सिअस तापमानाची एक चौरस मीटर जमीन अशी सुमारे 360 वॅट ऊर्जा सोडते. घरातले चार-पाच पंखे चालतील एवढी!

रात्रभर नुसता असा खर्च झाला असता तर सगळंच गोठलं असतं. तसं होत नाही, कारण हवेतलं बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड यातली बरीच ऊर्जा शोषून पुन्हा खाली पाठवतात. खाली ढग असतील तर जवळपास सगळीच परत मिळते. ढगांना गोधडीची उपमा देतात, पण ढग नुसते अडवत नाहीत, ते स्वतः जमिनीकडे किरण सोडतात. हवा कोरडी आणि आकाश मोकळं असेल तर मात्र दर चौरस मीटरमागे साधारण 70 ते 100 वॅटची तूट येते. मातीतून वर येणारी ऊब ती भरून काढायला पुरत नाही, आणि कोरडी माती तर उष्णता वर पोचवण्यात फारच कंजूष.

त्यामुळे आधी जमीन आणि पानं गार होतात, मग त्यांना टेकलेली हवा. वारा पडलेला असेल तर ही जड, गार हवा खालीच साचते. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाजवळ तापमापक शून्याच्या वर असताना दव गोठतं, त्याचं कारण हेच. तापमापक जमिनीपासून मीटर-दीड मीटर वर असतो, दव मात्र गवतावर असतं.

शेतकऱ्यांचे उपाय याच हिशेबात बसतात. पहाटे बागेला पाणी दिलं की पाण्यातली ऊब मिळते, शिवाय ओली माती खालची उष्णता वर आणते. शेकोट्या लहान आणि जास्त असलेल्या बऱ्या. एकच मोठा जाळ केला तर गरम हवा झपकन वर निघून जाते, वेलींना काहीच मिळत नाही.

धुराचं मात्र उगाच कौतुक होतं. धुराचे कण इतके बारीक असतात की अवरक्त किरण त्यांच्यातून बहुतांशी आरपार जातात. उपयोग होतो तो जाळाच्या उष्णतेचा. उलट सूर्य उगवल्यानंतरही बागेवर दाट धूर राहिला तर ऊनच अडतं. रात्रीचं सर्वात कमी तापमान मध्यरात्री नव्हे, सूर्योदयाच्या सुमारास नोंदलं जातं, आणि जमा खर्चापेक्षा वाढेपर्यंत पारा वर चढत नाही. नेमक्या त्याच वेळी बागेला उन्हाची गरज असते.