दिवसा राम, रात्री कृष्ण

गेल्या पावसाळ्यात भाचा रत्नागिरीला आमच्याकडे आला तो फोनमध्ये डोकं घालूनच. 'मॅजिक: द गॅदरिंग' नावाचा पत्त्यांचा खेळ खेळत होता. मध्येच चिडून म्हणाला, "आत्या, माझा एवढा मोठा प्राणी बाहेर आलाय, पण हल्लाच करता येत नाहीये!"

मी विचारलं, "का रे?"

"आत्ताच आलाय ना तो. माझी पुढची पाळी येईपर्यंत थांबायला लागणार."

मग त्यानं मला नियम समजावला. प्राणी टेबलावर आला की समोरच्याचा हल्ला तो लगेच अडवू शकतो, पण स्वतः हल्ला करायचा तर आपली पुढची पाळी सुरू होईपर्यंत थांबायचं. काही चपळ प्राण्यांना यातून सूट असते. काही प्राणी समोरच्याच्या पाळीतही अचानक बाहेर काढता येतात. दोघांनी एकमेकांवर पत्ते टाकले, तर शेवटी टाकलेल्याचा परिणाम आधी होतो. रिचर्ड गारफिल्डनं हा खेळ १९९३ मध्ये आणला. तेव्हापासून त्यातली निम्मी भांडणं 'काय टाकलं' यापेक्षा 'कधी टाकलं' यावर होत असावीत, असं भाच्याकडे बघून मला वाटलं.

"आमच्या पत्त्यांतही कधीचा नियम आहे," मी म्हटलं आणि भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे काचेच्या चौकटीत सावंतवाडीहून आणलेले गंजिफाचे दहा राजे लावले होते. मासा, कासव, वराह, नृसिंह... ओळीनं दहा अवतार.

"हे पत्ते आहेत? मला वाटलं चित्रं आहेत. कसं खेळतात?"

मला एवढंच ठाऊक होतं की दिवसा राम आणि रात्री कृष्ण. त्यापुढे मला काहीच सांगता येईना. चांगला १२० पत्त्यांचा संच घेतला होता, खिशाला जड पडला तरी घेतला होता. त्यातले दहा भिंतीवर आणि ११० डब्यात. म्हणजे मी एका खेळाचं वॉलपेपर करून ठेवलं होतं.

मग शोधाशोध सुरू केली.

गंजिफाची भारतातली जुनी नोंद बाबराच्या आठवणींत सापडते. १५२७ च्या जूनमध्ये त्यानं सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवला, कारण शाह हसनला त्या खेळाची आवड होती. पुढे अबुल फझलनं 'आईन-ए-अकबरी'त बारा रंगांच्या, १४४ पत्त्यांच्या संचाचं वर्णन केलं आणि अकबरानं त्यात काय बदल केले तेही लिहिलं. जास्त पसरला तो आठ रंगांचा, ९६ पत्त्यांचा मुघल गंजिफा. त्यातल्या दोन रंगांची नावं सुर्ख आणि सफेद. सुर्ख म्हणजे सोन्याचं नाणं, सफेद म्हणजे चांदीचं. दिवसा खेळायला बसलात, तर ज्याच्याकडे सुर्खचा राजा त्याची पहिली उतारी. रात्री बसलात तर सफेदच्या राजाची. सोनं सूर्याचं, चांदी चंद्राची.

हाच खेळ दशावतारांच्या रूपात आला तेव्हा रंग दहा झाले आणि प्रत्येक रंगात बारा पत्ते राहिले: राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी. सूर्य-चंद्राची ती दोन पदं कुणाला द्यायची? ती रामाला आणि कृष्णाला मिळाली. मला यात मोठी गंमत वाटते. राम सूर्यवंशी, कृष्ण चंद्रवंशी. आपल्याकडे रामनवमीला पाळणा हलतो तो भर दुपारी बाराला आणि गोकुळाष्टमीला जन्म होतो तो मध्यरात्री. कोकणातल्या कुठल्याही पोराला हा नियम पाठ करायची गरज नव्हती. दुपारी आणि मध्यरात्री प्रसाद खाल्लेला असला की झालं.

बाकीचे नियमही मजेदार आहेत. तिघांनी बसायचं, प्रत्येकाला चाळीस पत्ते. हुकूम नावाचा रंग नसतो. अर्ध्या रंगांत प्रधानाखालोखाल दश्शी मोठी, तर उरलेल्या अर्ध्यांत उलटं, एक्का मोठा. एखाद्या रंगाचा राजा खेळून गेला की प्रधान मोठा, प्रधान गेला की त्याच्या खालचा. त्यामुळे आपल्या हातातल्या पत्त्याची किंमत सारखी बदलत राहते. मघाशी बिनकामाचा वाटलेला पत्ता आता हात जिंकू शकतो. ते कळायला आधी काय काय पडलं हे सगळं लक्षात ठेवावं लागतं. तुमच्याऐवजी हिशेब ठेवणारी स्क्रीन इथे नाही.

सावंतवाडीत असं सांगतात की अठराव्या शतकात तिसऱ्या खेम सावंतांच्या दरबारात तेलंगणातून आलेल्या विद्वान ब्राह्मणांनी हा खेळ दाखवला आणि राजानं तो इथल्या चिताऱ्यांकडून करवून घेतला. चितार आळीतले हात लाकडी खेळण्यांवर बसलेले होतेच. चिंचोक्याची खळ, रंग, लाख हे सगळं हाताशी होतं. मग छापील पत्ते आले. ५२ पत्ते स्वस्त, लक्षात ठेवायला सोपे, हरवले तरी हळहळ नाही. गंजिफा मागे पडला. १९७० च्या सुमारास पुंडलिक चितारी या वयोवृद्ध कलाकाराच्या हातात ही कला कशीबशी उरली होती. शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी ती त्यांच्याकडून शिकून घेतली आणि राजवाड्यात पुन्हा काम सुरू केलं. तेव्हा सावंतवाडी रत्नागिरी जिल्ह्यातच होती. सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १९८१ मध्ये.

त्यांच्यामुळे पत्ते वाचले. अलीकडे त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. पण मानांकन मिळतं ते बनवण्याच्या कलेला. उतारी कुणाची, हे त्या कागदावरून ठरत नाही. राजवाड्यात कारागीर एकेक पत्ता रंगवत बसलेले मी पाहिले आहेत आणि माझ्यासारखे पर्यटक ते चौकटीत बसवायला नेतात. न खेळलेला पत्ता हे नुसतं गोल चित्र असतं.

म्हणून मी चौकट उघडली, दहा राजे बाहेर काढले. भाचा, मी आणि आई, म्हणजे त्याची आजी, असे तिघं पडवीत बसलो.

पहिल्याच डावाला लफडं झालं. सहा वाजून गेले होते. बाहेर असा पाऊस की समोरचं आंब्याचं झाड दिसेना. लाइट गेलेली. आईनं मध्येच उठून देवापाशी दिवा लावला आणि येऊन पत्ते उचलले. भाच्यानं कृष्णाच्या राजाला शोधलं नाही, थेट रामाचा राजा खाली टाकला. "माझी उतारी!"

"अरे, दिवा लागला की," आई म्हणाली. "आता रात्र. उतारी कृष्णाची." कृष्णाचा राजा अर्थात तिच्याकडे होता.

"आजी, सूर्यास्त सव्वासातला आहे. हे बघ." त्यानं फोन पुढे केला.

"तुझ्या फोनला दिसतोय का सूर्य? मला तर नाही दिसत."

मला हसू आलं, पण भांडण जुनंच होतं. घड्याळाची वेळ खरी की आभाळाची? १९०६ मध्ये सरकारनं भारतीय प्रमाणवेळ लागू केली, तेव्हा मुंबईनं तिच्या विरोधात मोठा वाद घातला. मुंबईची स्थानिक वेळ ३९ मिनिटं मागे होती आणि महापालिकेची घड्याळं पुढे बरीच वर्षं त्या वेळेलाच धरून होती. त्याआधी प्रहर-घटका होत्या, त्याही सूर्योदयापासून मोजलेल्या. गंजिफा आला त्या काळात प्रत्येक गावाचा सूर्य हाच पंच होता आणि त्याच्याशी हुज्जत घालता येत नव्हती.

भाच्यानं मध्येच सांगितलं की त्याच्या खेळातही दिवस-रात्र आहे. २०२१ च्या 'इनिस्ट्राड: मिडनाइट हंट' या संचात दिवसा माणूस असलेली पात्रं रात्री लांडगे होतात. दिवस असताना कुणी आपल्या पाळीत एकही जादू टाकली नाही, तर पुढच्या पाळीला रात्र होते. रात्री कुणी आपल्या एका पाळीत दोन किंवा अधिक जादू टाकल्या, तर पुढच्या पाळीला दिवस उगवतो. तिथे खेळाडूच सूर्य हलवतात. बाहेर पाऊस असो की ऊन, कुणी विचारत नाही.

"मग मधला मार्ग," तो म्हणाला. "ना दिवस, ना रात्र. तिन्हीसांज. म्हणजे नृसिंहाची उतारी."

हिरण्यकश्यपूचा वर म्हणजे वेळेचा नियमच होता आणि नृसिंहानं त्यातली फट शोधली होती. पोरानं बरोबर पकडलं होतं. आईनं त्याच्याकडे रोखून पाहिलं. "नृसिंहाचा राजा पण तुझ्याकडेच असेल."

होताच. तो खो-खो हसला आणि पत्ता उलटा करून दाखवला.

तेव्हा मला कळलं की आमचं चुकलं कुठे. दिवस की रात्र हे आम्ही पत्ते बघितल्यावर ठरवत होतो. हातातला राजा दिसला की प्रत्येकाचा सूर्य आपापल्या सोयीनं मावळतो. वेळेचा नियम कुठलाही असो, घड्याळाचा, आभाळाचा की फोनमधल्या लांडग्यांचा, तो वाटायच्या आधी ठरला तरच नियम. नंतर ठरला तर ती चलाखी. हे पुस्तकात वाचून मला उमगलं नसतं. त्यासाठी तिघांनी बसून भांडावं लागलं.

पत्ते पुन्हा पिसले, पुन्हा वाटले. त्या रात्री आईनं आम्हा दोघांना सपशेल हरवलं. तिला पडलेला प्रत्येक पत्ता लक्षात होता.

चौकट आता माळ्यावर आहे. १२० च्या १२० पत्ते डब्यात आहेत. मासळीच्या राजाच्या कडेची लाख थोडी उडालीय. भाच्यानं परत जाण्याआधी झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहून ठेवलंय: 'आजीनं दिवा लावायच्या आधी पत्ते वाटले तर राम. नंतर वाटले तर कृष्ण. फोन बघायचा नाही.'