मित्राच्या नावाने आलेला मेल
1990 च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या अनेक घरांत इंटरनेट म्हणजे ‘अमेरिका ऑनलाइन’च होते. तिथे ‘एओहेल’ नावाचे सॉफ्टवेअर फिरू लागले आणि त्याच्या आधारे मिसरूडही न फुटलेली पोरे कंपनीचे कर्मचारी असल्याची बतावणी करून पासवर्ड मागू लागली. लोक देतही! आमचा कोणीही माणूस पासवर्ड विचारणार नाही, अशी सूचना अखेर कंपनीला संदेशांसोबतच झळकवावी लागली.

पुढे एप्रिल 2005 मध्ये इंडियाना विद्यापीठातल्या संशोधकांनी आपल्याच विद्यार्थ्यांवर गळ टाकला. कोण कोणाचा मित्र, हे त्यांनी इंटरनेटवरच्या उघड्या माहितीतून गोळा केले. मग मित्राच्या पत्त्यावरून आल्यासारखा दिसणारा मेल धाडला. त्यातली लिंक उघडली, की विद्यापीठाचा पासवर्ड मागणारे पान यायचे. त्या पानाचा पत्ता विद्यापीठाचा नव्हता आणि ते पडद्यावर दिसतही होते. पण पत्ता वाचतो कोण?

विद्यापीठातल्याच, पण अनोळखी नावाने आलेल्या मेलला 16 टक्के विद्यार्थी फसले. मित्राच्या नावाने आलेल्या मेलला 72 टक्के.

प्रयोग उघड होताच कॅम्पसवर संताप उसळला. पूर्वसंमती घेतली नव्हती, त्यामुळे तो अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. गंमत अशी की, आपण फसलो हे उघडपणे कबूल करणारा एकही निघाला नाही. संशोधकांनी आपले खातेच फोडले, असे अनेकांचे म्हणणे होते. पाठवणाऱ्याच्या जागी कोणाचेही नाव घालता येते, हे त्यांना ठाऊकच नव्हते.