मूळचे कोण?

परवा चुलतबहिणीचा फोन आला होता. मुलीसाठी स्थळ आलंय. मुलगा शिकलेला, दर रविवारी उपासनेला जाणारा, नोकरीही बरी. सगळं सांगून झाल्यावर जरा घुटमळली आणि म्हणाली, "दादा, ते मूळचे कोण रे?"

(ताई, तू हे वाचणार आहेस. रागावू नकोस.)

गंमत अशी की आपण मूळचे कोण हे आपल्यालाच ठाऊक नाही! आमची पणजी १८९९-१९०० च्या दुष्काळात नगरच्या मिशनमध्ये आली, पाच-सहा वर्षांची. कुणाची, कुठली, हे सांगायला मागे कुणी उरलं नव्हतं. अमेरिकन मराठी मिशनने तेव्हा अशी शेकडो मुलं सांभाळली. नगरला (आता अहिल्यानगर, पण आमच्या तोंडी नगरच) मिशनचं काम १८३१ पासूनचं. मंडळीत महार होते, मांग होते, थोडे ब्राह्मणही. बाप्तिस्मा झाला म्हणून शिवाशिव एका दिवसात जात नाही.

ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना त्यानंतर पाच वर्षं लागली. मला तर त्यांचंच जास्त पटतं. त्यांची अडचण शास्त्राची नव्हती, पाण्याची आणि जेवणाची होती. कुणाच्या हातचं खायचं? 'स्मृतिचित्रे'त हे सगळं त्यांनी इतकं सरळ सांगितलंय की हसावं की रडावं कळत नाही. शेवटी जात माणसानेच केली असं त्यांच्या मनाने घेतलं. १९०० साली, त्याच दुष्काळाच्या दिवसांत, त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे प्लेगात त्याच बाई आजारी मुलींच्या उशाशी बसल्या.

आणि गाणी. मिशनऱ्यांची गीतं बरीचशी भाषांतरित, चाली विलायती, हातात पुस्तक लागायचं. पुस्तक म्हणजे अक्षरओळख आली. कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन टिळकांच्या आधीच सुरू केलं होतं. टिळकांनी अभंग, ओव्या, भजनं लिहिली. एकाने म्हणायचं, बाकीच्यांनी धरायचं. काल आलेलं पोर, शेतावरची बाई, मास्तर, सगळे एकाच ओळीवर. आजी सांगायची, पणजीला वाचता यायच्या आधी भजनं पाठ होती. अंगावर धड कपडा नसलेल्या मुलांच्या हातात टाळ दिले की कोण कुणाच्या शेजारी बसलंय याकडे कुणाचं लक्ष नसे. म्हणजे, आजी असं म्हणायची. पणजीने मुलांना सांगताना थोडं गोड केलं असेलही.

१९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही. १९१९ साली ते गेले.

दुष्काळ सरला, प्लेग सरला. मुलं मोठी झाली, मास्तर झाली, नर्स झाली, लग्नाची झाली. मग हळूच तो प्रश्न परत आला. उपासना एकत्र, प्रभुभोजन एकत्र, सोयरीक मात्र चौकशी करून. आमच्या पणजीचं लग्न जमायला म्हणे याच कारणाने उशीर झाला. जातच माहीत नाही, तर द्यायची कुणाला?

हे सगळं मी ताईला फोनवर सांगितलं. चांगली वीस मिनिटं. तिने ऐकून घेतलं. म्हटलं, मुलाला एवढंच विचार, टाळ धरता येतो का?

ती खूप हसली. मग म्हणाली, "ते खरं रे दादा. पण तुझ्या ओळखीचं कुणी आहे का त्यांच्या गावात?"