नवस, प्रतीक्षायादी आणि ‘नमुना ८’

#थ्रेड

आपल्या घरातला माणूस जगावा म्हणून नवस बोलायचा, आणि तो फळण्यासाठी कुठल्यातरी अनोळखी घरात मृत्यू घडावा लागायचा. श्रद्धेपुढे हा पेच केव्हा उभा राहिला? भारतापुरते बोलायचे तर जेमतेम दोन पिढ्यांपूर्वी. अवयव प्रत्यारोपणाचा इतिहास बहुधा शल्यविशारदांच्या बाजूने सांगितला जातो. हा थ्रेड वाट पाहणाऱ्या घरांच्या बाजूने.

गोंदिया जिल्ह्याच्या देवरी तालुक्यातले चिचगड घ्या. छत्तीसगडच्या सीमेकडचा जंगलपट्टा; ब्रिटिश काळी भंडारा जिल्ह्यातील एक जमीनदारी. अशा मुलखात गंभीर आजार घरात आला की दवाखाना आणि देव या दोन्ही वाटा एकदमच धरल्या जातात. नवसाचा व्यवहार दोघांतला असतो: मागणारा आणि देव. नारळ, कोंबडे किंवा पायी दर्शन कबूल करायचे. गुण आला की फेडायचे. त्यात तिसऱ्याला जागा नाही.

मृत्यूची कल्पनाही इथे निराळी आहे. गोंड परंपरेत श्वास थांबला एवढ्याने मृत्यू पुरा होत नाही. विधी होऊन मृताला पूर्वजांत, कुळाच्या ‘पेना’त सामावून घेतले की तो पुरा होतो. मृत्यू नेमका केव्हा झाला, हा प्रश्न पुढे कायदेमंडळांनाही सोडवावा लागला, म्हणून हे लक्षात असू द्या.

आता थोडे युरोपात. संत कॉस्मस आणि डेमियन या जुळ्या वैद्यबंधूंची एक आख्यायिका तेराव्या शतकातल्या ‘लेजेंडा ऑरिया’ या संकलनात येते. रोममधल्या त्यांच्या चर्चच्या सेवेकऱ्याचा पाय सडलेला असतो. तो झोपेत असताना दोघे संत येतात, नुकत्याच पुरलेल्या एका इथिओपियन माणसाचा पाय काढून याला जोडतात. सकाळी सेवेकरी चालू लागतो. एक पाय गोरा, एक काळा. चित्रकारांनी हा प्रसंग पुढे वारंवार रंगवला. मृताला किंवा त्याच्या माणसांना कोणी विचारले होते का, हा प्रश्न मात्र कथेला पडत नाही. आपल्याकडच्या दधीची ऋषींच्या कथेत तो पडतो. वृत्रवधासाठी देव अस्थी मागतात आणि दधीची स्वतः देह देतात. देहदान चळवळीने दधीचींचे नाव घेतले ते उगाच नाही. (गणपतीचे शिर म्हणजे ‘जगातले पहिले प्रत्यारोपण’ असे संदेश दरवर्षी फिरतात, पुराणकथेला शस्त्रक्रियेचा पुरावा मानले की दोन्हींचे नुकसान होते.)

कथेतून इतिहासात येऊ. १६ फेब्रुवारी १९६८, मुंबईचे केईएम रुग्णालय. डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातले पहिले मानवी हृदय प्रत्यारोपण केले. केपटाउनमध्ये डॉ. बर्नार्ड यांनी केलेल्या पहिल्या प्रत्यारोपणाला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. जगातला हा सहावा प्रयत्न. रुग्ण काही तासांतच दगावला. सप्टेंबरमधला दुसरा प्रयत्नही टिकला नाही. परके हृदय शरीराने नाकारू नये यासाठी लागणारी परिणामकारक औषधे तेव्हा हाती नव्हती. सायक्लोस्पोरिनचा वापर रुळला तो १९८०च्या दशकात.

पण औषधांइतकीच आणखी एक गोष्ट नव्हती. हृदय धडधडत असलेल्या माणसाला मृत म्हणायचे कसे, याचे उत्तर कायद्याकडे नव्हते. मेंदूच्या मृत्यूचे निकष मांडणारा हार्वर्डच्या समितीचा अहवालही ऑगस्ट १९६८ मधला, म्हणजे केईएमच्या पहिल्या प्रयत्नानंतरचा. त्याच महिन्यात जपानमध्ये साप्पोरोला डॉ. वाडा यांनी हृदय बदलले आणि त्यांच्यावर खुनाच्या आरोपाखाली चौकशी झाली. खटला उभा राहिला नाही, पण समाजाचा विश्वास असा उडाला की तिथे कायदा व्हायला १९९७ उजाडले. हृदयविकाराच्या जपानी रुग्णांच्या घरांनी तोवर कशाची वाट पाहायची?

धर्मसंस्थाही याच प्रश्नाशी झुंजत होत्या. मृत्यूचा क्षण ठरवणे हे वैद्यांचे काम, असे पोप पायस बारावे यांनी १९५७ मध्येच म्हटले होते. अम्मान येथे १९८६ मध्ये भरलेल्या इस्लामी फिकह अकादमीने मेंदूचा मृत्यू मान्य केला.

भारतात मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ मध्ये झाला. आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने राज्यांचे ठराव लागले. ते करणाऱ्यांत गोवा आणि हिमाचल प्रदेशाबरोबर महाराष्ट्र होता. चार डॉक्टरांच्या मंडळाने किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करायची, मगच रुग्ण मेंदूमृत. त्याच वर्षी ३ ऑगस्टला दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाळ यांनी देशातले पहिले यशस्वी हृदय प्रत्यारोपण केले. मुंबईला मात्र २०१५ पर्यंत थांबावे लागले. तेव्हा पुण्यातल्या दात्याचे हृदय मुलुंडला पोहोचले. केईएमच्या प्रयत्नांनंतर सत्तेचाळीस वर्षांनी!

या कायद्यातून ‘प्रतीक्षायादी’ रुजली, आणि वाट पाहण्याला प्रथमच क्रमांक मिळाला. चिचगडच्या रुग्णाची नोंद साधारणपणे नागपूरच्या रुग्णालयातून तिथल्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे होते. देवरी, साकोली, भंडारा असा महामार्गाचा पल्ला. काढलेले मूत्रपिंड बर्फात सुमारे एक दिवस टिकते, हृदय जेमतेम चार तास. म्हणून अशा घरात देव्हाऱ्याइतकेच महत्त्व फोनच्या चार्जिंगला येते.

पण बहुतेक घरे अनोळखी दात्यापर्यंत जातच नाहीत. भारतातली बहुसंख्य प्रत्यारोपणे जिवंत दात्यांच्या जोरावर होतात आणि त्या दात्यांत स्त्रिया अधिक. १९९५ ते २०२१ या काळात अवयव मिळालेल्या दर पाच जणांत चार पुरुष होते. उपास तिचा, नवस तिचा आणि मूत्रपिंडही तिचेच. ‘कुटुंबाची श्रद्धा’ म्हणताना ही वाटणी नजरेआड करणे इतिहासाला शोभणारे नाही.

ज्यांना घरात दाता मिळत नाही, त्यांची आशा एका कागदाशी येऊन थांबते: ‘नमुना ८’, मेंदूमृत व्यक्तीच्या जवळच्या नातेवाइकांचे संमतिपत्र. मृताने हयातीत दानाचा अर्ज भरला असला तरी घरच्यांना विचारले जातेच. दोन तपासण्यांमधल्या त्या सहा तासांत तेही घर देवाला साकडे घालत असते, अगदी उलट मागणीसाठी.

सही झाली आणि अवयव जुळला, तरी दोन्ही घरांना एकमेकांची नावे सांगितली जात नाहीत. नवस फेडायचा तर पत्ता देवाचाच ठाऊक असतो.