आईची पाठ आणि कोइम्बतूरचा ट्रॅक : सस्पेन्शनची दोनशे वर्षं

आजचा भाग गाड्यांचा आहे, पण सुरुवात माझ्या आईच्या पाठदुखीपासून करतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आईला फिजिओथेरपीला घेऊन चाललो होतो. सिंहगड रोडवर एक स्पीडब्रेकर आला. मी अगदी सावकाश घेतला, तरी मागच्या सीटवरून "आई गं!" ऐकू आलं. पुढच्या सिग्नलला ती म्हणाली, "बाजूला घे रे. मी रिक्षाने जाते." रिक्षाने! माझ्या गाडीत तेव्हा नवंकोरं सस्पेन्शन होतं आणि त्याचे हप्तेसुद्धा अजून फिटले नव्हते.

मी काय केलं होतं, ते आधी सांगतो. माझी साधी हॅचबॅक. सोमवार ते शुक्रवार ऑफिस, शनिवारी भाजी, आईचा दवाखाना. मित्रांनी कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डे ठरवला, आणि माझ्या अंगात आलं. गाडी चार बोटं खाली बसवणाऱ्या कडक स्प्रिंगा टाकल्या. शॉकअप मात्र जुनेच ठेवले, पैसे वाचवायला. मनात गणित सोपं होतं : रेसच्या गाड्या खाली असतात, कडक असतात, म्हणजे खाली आणि कडक गाडी जोरात जाणार.

पुण्याहून सुमारे १२०० किलोमीटर हाडं खिळखिळी करत गेलो. २.१ किलोमीटरच्या ट्रॅकवर दिवसभर फिरलो. आणि माझ्यासारखीच गाडी, पण कंपनीतून आली तशी, फक्त टायर चांगले, अशा एका पोराने मला प्रत्येक फेरीत मागे टाकलं. माझी गाडी वळणात जराशा उंचवट्यावर उडायची आणि नाक सरळ बाहेर न्यायची. म्हणजे आईची पाठही गेली आणि वेळही गेला. दोन्हीकडून तोटा.

परत आल्यावर मी मेकॅनिककडे जायच्या आधी वाचायला बसलो. आणि कळलं, माझी चूक नवी नव्हती. लोक ती घोडागाडीच्या काळापासून करत आलेत.

तर चला, १८०४ मध्ये. लंडनमध्ये ओबडाया एलियट नावाचा बग्ग्या बनवणारा कारागीर होता. त्याने लंबगोल आकाराच्या पाट्यांच्या स्प्रिंगचं पेटंट घेतलं. पाटे म्हणजे तेच, जे आजही ट्रकखाली दिसतात : पोलादी पट्ट्या एकावर एक. गंमत अशी की पाटे एकमेकांवर घासतात, आणि त्या घर्षणामुळे गाडीचं डोलणं थोडं आपोआप थांबतं. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, पुढचा सगळा इतिहास तिच्यावर उभा आहे. स्प्रिंगचं काम वजन पेलणं आणि दणका पोटात घेणं. पण घेतलेला दणका ती परत देते. गाडी खाली-वर, खाली-वर होत राहते. ते थांबवणारं दुसरं कोणीतरी लागतं. ते दुसरं कोणीतरी म्हणजे शॉकअप, खरं तर डँपर. नाव शॉक अब्जॉर्बर असलं, तरी शॉक खाते स्प्रिंग. डँपर फक्त तिला आवरतो.

मोटारी आल्या, वेग वाढला, आणि पाट्यांचं घर्षण पुरेना. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ट्रुफो नावाच्या फ्रेंच माणसाने कात्रीसारख्या दोन दांड्यांचा डँपर काढला. सांध्यात घर्षणाच्या चकत्या. अमेरिकेत एडवर्ड हार्टफर्डने तो विकायला घेतला. सांध्यावरचा नट आवळला की गाडी कडक, सैल केला की मऊ. आज आपण हजारो रुपये देऊन ज्याला 'अॅडजस्टेबल' म्हणतो, त्याचा हा पणजोबा. पुढे तेलावर चालणारे डँपर आले, आणि नट आवळायचं काम तेलाने आणि बारीक भोकांनी घेतलं.

आता माझा आवडता माणूस. मॉरिस ऑली. इंग्रज इंजिनिअर, अमेरिकेतल्या रोल्स-रॉइसच्या कारखान्यात होता, १९३० मध्ये कॅडिलॅककडे आला. त्याच्यासमोर प्रश्न होता : आरामदायक गाडी म्हणजे नेमकी कशी? मोजायला धड उपकरणं नव्हती. मग १९३२ मध्ये त्याने एक भलीमोठी सात माणसांची लिमोझिन घेतली आणि तिच्या पुढे-मागे सरकवता येतील अशी वजनं लावली. वजनं हलवायची, स्प्रिंगा बदलायच्या, गाडी चालवायची, आणि आत बसलेल्यांनी स्वतःलाच विचारायचं की कधी बरं वाटलं. बस, एवढंच. आराम मोजायचं यंत्र म्हणजे आत बसलेला माणूस.

त्यातून एक नियम निघाला, जो आजही इंजिनिअर पाळतात : पुढच्या स्प्रिंगांवर गाडी मागच्यापेक्षा थोडी सावकाश डोलली पाहिजे. का? खड्डा आधी पुढच्या चाकाला लागतो, मग मागच्या. मागची बाजू जरा घाईने डोलली, तर ती पुढच्या बाजूला गाठते आणि दोन्ही टोकं बरोबर खाली-वर होतात. गाडी सपाट राहते. हे उलटं केलं, तर गाडी झोपाळ्यासारखी पुढे-मागे हेलकावते, आणि त्याचा मार सगळ्यात जास्त कोणाला? मागच्या सीटला.

मी माझ्या किटचे आकडे काढून बघितले. पुढची स्प्रिंग मागचीपेक्षा खूपच जास्त कडक केलेली. ऑलीने १९३२ मध्ये जे करू नका म्हणून शोधलं, ते मी विकत घेतलं होतं. हप्त्यावर.

पुढचा माणूस अर्ल मॅकफर्सन. जनरल मोटर्समध्ये तो एक छोटी, स्वस्त गाडी बनवत होता. तो प्रकल्प गुंडाळला गेला, आणि मॅकफर्सन फोर्डमध्ये गेला. १९५० मध्ये लंडनच्या मोटर शोमध्ये फोर्डच्या कॉन्सल आणि झेफर या गाड्या आल्या. त्यांच्या पुढच्या चाकांवर स्प्रिंग आणि डँपर एकाच उभ्या खांबात होते. हाच तो मॅकफर्सन स्ट्रट. सुटे भाग कमी, जागा कमी, खर्च कमी. तुमच्या घरी हॅचबॅक असेल, तर बॉनेट उघडून दोन्ही बाजूंना वरचा गोल कप बघा. त्याच्या खाली हाच बसलाय.

आणि ही काही मवाळ फॅमिली गाडी नव्हती बरं का. १९५३ ची माँटे कार्लो रॅली झेफरनेच जिंकली. चालवणारा होता मॉरिस गात्सोनिडिस. हे आडनाव लक्षात ठेवा : पुढे ज्याने रस्त्यावरचा स्पीड कॅमेरा बनवला तो हाच. स्वतःचा वळणातला वेग मोजायला सुरुवात केली, आणि शेवटी जगाला चलन पाठवून दिलं!

पण मॅकफर्सन स्ट्रटमध्ये एक मेख आहे, आणि मी तिच्यात अडकलो होतो. चाकाला धरणारी खालची आर्म बाहेरच्या टोकाला थोडी खाली झुकलेली असते. गाडी फार खाली बसवली की ती आडवी होते, मग बाहेरून वर जाते. तसं झालं की गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू गाडीच्या वजनाच्या मध्यापेक्षा जास्त झपाट्याने खाली जातो. मधलं अंतर वाढतं, म्हणजे वळणात गाडीला कलवणारी तरफ लांब होते. स्प्रिंग कडक करून जे कमवायचं, त्यातलं बरंचसं इथे गमवायचं. शिवाय चाकाला वर जायला जागा उरत नाही. रबरी बंप स्टॉप लागतो, आणि त्या क्षणी तुमची स्प्रिंग दगड होते. कोइम्बतूरला वळणात माझं नाक सरळ बाहेर का जायचं, त्याचं उत्तर हे होतं.

आता शॉकअप. माझे जुनेच होते, आठवतंय ना? स्प्रिंग कडक केली की ती परत येताना जास्त जोर लावते. ते आवरायला डँपरही तेवढा ताकदीचा लागतो. मऊ स्प्रिंगसाठी बनवलेला डँपर कडक स्प्रिंगखाली म्हणजे लहान पोराच्या हातात बैलाचा कासरा.

त्यात ट्रॅकवर अजून एक भानगड. डँपर सतत खाली-वर झाला की तेल तापतं, घुसळलं जातं, त्यात हवेचे बुडबुडे येतात. ताकाला फेस यावा तसं. फेस सहज दाबला जातो, म्हणून डँपर ढिला पडतो. यावर उपाय काढला बुर्सिए द कार्बों या फ्रेंच इंजिनिअरने. एकाच नळीत तेल, आणि तरंगत्या पिस्टनपलीकडे मोठ्या दाबाखाली गॅस. दाबामुळे फेस होत नाही, आणि एकच भिंत असल्याने उष्णता लवकर बाहेर जाते. जर्मनीतल्या बिलस्टाइनने तो बनवायला घेतला आणि १९५७ पासून मर्सिडीजच्या रस्त्यावरच्या गाड्यांत तो बसू लागला. लक्षात घ्या : रस्त्यावरच्या. कारण चांगल्या डँपरचा फायदा ट्रॅकइतकाच खड्ड्यातही होतो.

हे सगळं एका गाडीत कोणी आणलं? लोटसच्या कॉलिन चॅपमनने. १९६२ ची लोटस एलान. वजन ७०० किलोपेक्षा कमी. चॅपमनच्या गाड्या ग्रां प्री जिंकत होत्या, पण एलानच्या स्प्रिंगा मऊ होत्या, चाकाला खाली-वर व्हायला भरपूर जागा होती, आणि डँपर त्यांना नेमके जुळवलेले. चाक जमिनीला चिकटून राहतं, म्हणून गाडी वळते. इतकं साधं. सत्तावीस वर्षांनी, १९८९ मध्ये, माझदाने एमएक्स-५ आणली तेव्हा डोळ्यांसमोर एलानच होती.

आणि ज्यांच्याकडे एकच गाडी, त्यांच्यासाठी १९७६ ची गोल्फ जीटीआय. फोक्सवॅगनच्या काही इंजिनिअरांनी ऑफिसचं काम सांभाळून हा उद्योग केला. चाचणीची पहिली गाडी फार आवाजी आणि आडदांड निघाली, ती माणसाळवावी लागली. मग थोडीशी खाली, थोडीशी कडक, जोडीला अँटी-रोल बार, ११० हॉर्सपॉवर. विचार होता ५००० गाड्या बनवायचा. पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांहून जास्त बनल्या. या सगळ्यात 'थोडीशी' हा शब्द महत्त्वाचा.

आपल्याकडेही हे होतंच. कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट, नंतरची प्रीमियर पद्मिनी : पुढे कॉइल स्प्रिंग, मागे पाटे. मुंबईत २०२३ पर्यंत टॅक्सी म्हणून धावली. आणि तीच फियाट चेन्नईजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर रेसही खेळली. रोजची आणि ट्रॅकची गाडी एकच असणं हे आपलं नवं फॅड नाही.

मग मी काय केलं? स्प्रिंगा काढल्या. मित्र म्हणाले, डायरेक्ट कॉइलओव्हर टाक. तेही खोटं नाही. उंची आणि कडकपणा हवा तसा लावता येतो, आणि फक्त ट्रॅकची गाडी असती तर मी घेतलेच असते. पण माझ्या वर्षातले ट्रॅकचे दिवस दोन, आणि खड्ड्यांचे तीनशे त्रेसष्ट. म्हणून क्रम असा लावला. आधी झिजलेले बुश आणि लिंक रॉड बदलले, कारण ढिल्या सांध्यांवर महाग शॉकअप टाकणं म्हणजे फुटक्या माठात पाणी. मग चांगले टायर. मग कंपनीच्याच उंचीच्या स्प्रिंगा, आणि त्यांना जुळणारे चांगल्या दर्जाचे गॅस डँपर. शेवटी अलाइनमेंट. गाडीची मूळ रचना बदलायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची बंधनं आहेत आणि अपघातात विम्याचा प्रश्न येऊ शकतो, म्हणून तेही आधी विचारून घेतलं. तुम्हीही विचारा.

गेल्या हिवाळ्यात परत कोइम्बतूरला गेलो. त्या पोराने मला अजूनही मागे टाकलं. पण या वेळी गाडीमुळे नाही. तो माझ्यापेक्षा चांगला चालवतो. ते मान्य करायला मला स्प्रिंगांचा एक आख्खा सेट लागला.

आणि आई? डँपर बसवल्यावर पहिल्यांदा तिला तोच स्पीडब्रेकर दाखवायला नेलं. ऑलीसारखं मी काही मोजलं नाही, नुसतं विचारलं, "कसं वाटलं?" ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "गेला का स्पीडब्रेकर? मग चल, उशीर होतोय."

मला हवा होता तो आकडा मिळाला.

तुमच्या गाडीत काय बदललंय, आणि मागच्या सीटवरच्या माणसाला विचारलंय का, ते मला नक्की कळवा. पुढच्या भागात ब्रेकवर बोलू. तोवर, खड्डे बघून चालवा.