तोबा आणि चाळीस वर्षे

मराठीने ‘तोबा’ हा शब्द अरबीतून घेतला आणि गर्दीला जोडून टाकला. बाजारात तोबा गर्दी, सिनेमाला तोबा गर्दी. मूळ ‘तौबा’ म्हणजे मात्र परत फिरणे. लहानपणी मौलवीसाहेब आमच्याकडून तिच्या अटी पाठ करून घेत. पाप सोडायचे, त्याची खंत बाळगायची, पुन्हा न करण्याचा निश्चय करायचा. आणि कुणाचा हक्क मारला असेल, तर तो परत करायचा. पहिल्या तीन अटी माणूस आणि परमेश्वर यांच्यातल्या. चौथीत तिसरा माणूस येतो आणि गाडी तिथेच अडते.

ख्रिस्ती धर्मातही ही चौथी अट आहे. लूकच्या शुभवर्तमानातला जकातदार जक्कय येशूसमोर उभा राहून अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ करतो आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत करायचे कबूल करतो. पण ज्याचे घेतले तो माणूसच समुद्रापार विकला गेला असेल, तर काय परत करायचे? या प्रश्नापाशी मला जॉन न्यूटनने आणून सोडले.

सफरचंद पडताना पाहिले तो हा न्यूटन नव्हे. हा १७२५ साली लंडनमध्ये जन्मलेला, जहाजाच्या कप्तानाचा मुलगा. आई देवभक्त. पण हा सात वर्षांचा होण्याआधीच ती क्षयाने गेली. तरुणपणी त्याला आरमारात जबरदस्तीने भरती केले. तिथून तो पळाला, पकडला गेला, फटके खाल्ले. मग पश्चिम आफ्रिकेत एका गुलामांच्या व्यापाऱ्याकडे चाकरी करून अन्नाला महाग झाला. तोंडात शिव्या आणि धर्माची टिंगल. मार्च १७४८मध्ये ‘ग्रेहाउंड’ जहाजावरून परतताना उत्तर अटलांटिकमध्ये वादळ झाले, जहाज फुटले, आत पाणी भरले. ते उपसता उपसता त्याच्या तोंडून देवाकडे दयेची याचना निघाली. जहाज कसेबसे आयर्लंडच्या किनाऱ्याला लागले. २१ मार्च हा दिवस त्याने पुढे जन्मभर पाळला.

‘अमेझिंग ग्रेस’ हे ख्रिस्ती भक्तिगीत तुम्ही चर्चमध्ये नाही, तरी एखाद्या सिनेमात ऐकले असेल. ते याच न्यूटनचे. त्याची गोष्ट सांगणारे बहुधा वादळातून थेट गीतावर उडी मारतात. वादळ झाले, पश्चात्ताप झाला, पापी धंदा सुटला, गीत सुचले. मीही बरीच वर्षे तसेच समजत होतो. मग एकदा तारखा नीट पाहिल्या.

कप्तान म्हणून न्यूटनने गुलाम वाहून नेले ते वादळानंतर. १७५० ते १७५४ या काळात, तीन फेऱ्या. शिव्या सुटल्या होत्या, बायबलचे वाचन नेमाने चालले होते. रविवारी तो खलाशांना जमवून उपासना घेई. त्याच डेकखाली साखळदंडात अडकवलेली माणसे होती. बंडाचा संशय आला म्हणून काही गुलाम मुलांच्या अंगठ्यांना पेच लावून कबुली घेतली, अशी नोंद त्याच्याच रोजनिशीत आहे. तो ढोंगी होता असे मला वाटत नाही. शिवी पाप म्हणून दिसत होती. धंदा दिसत नव्हता, कारण तो कायदेशीर होता आणि चारचौघांत मानाचाही. १७५४ साली तो सुटला, तोही आजारपणामुळे.

यावर नाक मुरडण्याचा हक्क मला नाही. वडील गेल्यावर आमच्या बहिणीने हक्कसोडपत्रावर सही केली. शरीयतने तिचा वाटा ठरवून दिलेला, तरी आम्ही भाऊ सकाळची नमाज पढून तिला कचेरीत घेऊन गेलो. परत आल्यावर चहाही तिनेच केला. ते पाप होते हे उमगायला मला वीस वर्षे लागली. वाटा आता तिच्या नावावर केला आहे. मधल्या वीस वर्षांचे पीक कुठून आणू?

न्यूटन १७६४ साली धर्मगुरू झाला आणि ओल्नी या गावी राहिला. ते गीत १७७३च्या नववर्षदिनाच्या प्रवचनासाठी लिहिलेले. तेव्हाही धंद्याविरुद्ध जाहीर शब्द नाही. पुढे तो लंडनच्या चर्चमध्ये असताना, १७८५ साली विल्बरफोर्स हा तरुण खासदार त्याच्याकडे चोरून आला. देवाचे व्हायचे तर राजकारण सोडू का, हा त्याचा प्रश्न. न्यूटनने त्याला पार्लमेंटमध्येच राहायला सांगितले.

आणि १७८८ साली, वादळानंतर चाळीस वर्षांनी, न्यूटनने आफ्रिकेतील गुलामांच्या व्यापारावर पुस्तिका छापली. फळीवर पुस्तके लावावीत तशी माणसे एकमेकांना चिकटून कशी निजवत, हे त्याने लिहिले. उपमा त्याचीच. आपण या धंद्यात होतो, ही कबुलीही त्यात आहे. प्रिव्ही कौन्सिलपुढे आणि पार्लमेंटच्या समितीपुढे त्याने साक्ष दिली. विकलेली माणसे परत आणता येत नव्हती. देण्यासारखे त्याच्यापाशी एवढेच उरले होते. साक्षीदार अनेक होते, पण स्वतः ते जहाज चालवलेला धर्मगुरू समोर उभा राहिल्यावर त्याला खोटे पाडणे सोपे नव्हते.

ब्रिटनमध्ये गुलामांच्या व्यापारावर बंदी घालणारा कायदा मार्च १८०७मध्ये झाला. गुलामगिरी मात्र राहिली. त्याच वर्षी २१ डिसेंबरला न्यूटन गेला, तेव्हा त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. स्मृतिशिलेवरचा मजकूर त्याने स्वतःच लिहून ठेवला होता. पूर्वी आपण नास्तिक, स्वैराचारी आणि आफ्रिकेत गुलामांचा चाकर होतो, असे त्यात आहे. गुलामांचा व्यापारी, असे नाही. त्यासाठी ती पुस्तिकाच उघडावी लागते.